कातडीचा रंग : उन्हाचा हिशेब आणि समाजाने लावलेला भाव

१९८१ साली पृथ्वीच्या दोन टोकांना सार्वजनिक आरोग्याच्या दोन मोहिमा सुरू झाल्या. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोगविरोधी संस्थेने लोकांना बजावले, की उन्हात जाताना अंगात सदरा घाला, कातडीला संरक्षक मलम लावा आणि डोक्यावर टोपी चढवा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकारच्या आरोग्य खात्याने एका बालकल्याण संस्थेच्या साह्याने मुडदुसाविरुद्ध मोहीम उघडली. तिचा रोख मुख्यतः भारतीय उपखंडातून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांकडे होता. कारण त्यांच्या मुलांना ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नव्हते. एका देशात ऊन फार झाले म्हणून लोक आजारी पडत होते, तर दुसऱ्या देशात ऊन अपुरे पडले म्हणून. ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य रुग्णांचे पूर्वज ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ आकाशाखाली वाढलेले होते, आणि ब्रिटनमधील त्या मुलांचे पूर्वज उपखंडाच्या लख्ख उन्हात. अवघ्या एकदोन पिढ्यांत माणसांनी देश बदलले. कातडीला मात्र तो बदल उमगण्यास सवड मिळाली नाही.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे माणसाच्या रंगाविषयीचा मूळ प्रश्न स्वच्छ दिसू लागतो. कातडीचा रंग हा कुळाचा शिक्का नाही आणि गुणांची पावती तर नाहीच. ज्या प्रदेशात एखाद्या लोकसमूहाच्या शेकडो पिढ्या नांदल्या, तेथील उन्हाशी त्यांच्या शरीराने केलेला तो एक समझोता आहे. हा समझोता कशाकशात झाला, हे विज्ञानाने गेल्या साठ वर्षांत बऱ्याच अंशी उलगडले आहे. आपल्या समाजाने रंगाला लावलेला भाव त्या ज्ञानाच्या प्रकाशात तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जुने तर्क आणि त्यांतील उणिवा

उन्हाने कातडी भाजून काळी होते आणि तो काळेपणा पुढील पिढीत उतरतो, ही पूर्वापार समजूत आहे. परंतु शेतात राबणाऱ्या माणसाचे रापलेपण त्याच्या मुलाला जन्मतः मिळत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी दिसते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी रंगावरून मानवजातीचे वंश पाडले आणि त्या वंशांची उतरंड रचली. पुढे बर्लिनमधील मानवशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान याने रंगीत काचेच्या ३६ तुकड्यांची एक मोजपट्टी तयार केली. माणसाच्या अंगाशी एकेक तुकडा जुळवून त्याच्या रंगाला क्रमांक द्यावयाचा, अशी ती रीत होती. क्रमांक देऊन झाले, पण रंग असा का, हा प्रश्न तसाच राहिला.

वरवर पाहता काळ्या रंगाचे उष्ण प्रदेशाशी असलेले नाते उलटच वाटते. काळी वस्तू उन्हात अधिक तापते. मग जेथे उन्हाचा कहर, तेथेच माणसे काळी का? कातडीच्या कर्करोगापासून रक्षण व्हावे म्हणून, असे उत्तर बरीच वर्षे दिले जाई. १९६१ साली हॅरल्ड ब्लम या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यातील उणीव दाखविली. हा कर्करोग बहुधा उतारवयात होतो. तोवर माणसाला मुले होऊन गेलेली असतात. नैसर्गिक निवडीचा संबंध येतो तो किती संतती जगली आणि पुढे वाढली याच्याशी. संतती झाल्यावर येणारा आजार कितीही घातक असला, तरी साऱ्या जगाच्या रंगांचा नकाशा घडविण्याइतके बळ त्यात असणे कठीण.

जमा आणि नावे

खुलाशाची सुरुवात माणसाच्या अंगावरील केसांपासून करावी लागते. चिंपँझीच्या काळ्या केसांखालची कातडी बरीचशी फिकी असते. मानवाच्या पूर्वजांचीही ती तशीच असावी. आफ्रिकेच्या उघड्या माळरानावर दूरवर चालू-धावू लागल्यावर अंग थंड राखणे हा त्यांच्यापुढचा जीवनमरणाचा प्रश्न झाला. घर्मग्रंथी वाढल्या, अंगावरचे केस विरळ झाले आणि घाम वाळून शरीर निवू लागले. मात्र उघडी पडलेली फिकी कातडी आता उन्हाच्या थेट माऱ्यात सापडली. जनुकांच्या अभ्यासावरून असा अंदाज बांधला गेला आहे, की निदान १२ लाख वर्षांपूर्वी मानवाच्या पूर्वजांची कातडी काळी झालेली होती.

हा काळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती व कोणत्या जातीचे मेलॅनिन बनवितात आणि त्याचे कण कातडीत कसे पसरतात, यामुळे. मेलॅनिन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते व त्यांना खोलवर जाऊ देत नाही. म्हणजे ते शरीराने स्वतःच विणलेले छत्र होय.

या छत्राने कशाचे रक्षण होते? येथे फोलेटचा विचार करावा लागतो. पालेभाज्या व कडधान्ये यांतून मिळणारे हे ब गटातील जीवनसत्त्व पेशींच्या वाढीस आवश्यक असते. १९७८ साली ब्रँडा आणि ईटन या संशोधकांनी दाखविले, की मानवी रक्तातील द्रवावर कृत्रिम सूर्यप्रकाश सोडला असता एका तासात त्यातील फोलेट ३० ते ५० टक्क्यांनी घटते. पुढे १९९१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या चाचणीत आढळले, की गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीतील गंभीर दोष पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. या दोन शोधांतील दुवा ध्यानात यावयास हवा. फोलेटचा ऱ्हास म्हणजे संततीची हानी. आणि संततीच्या हानीची दखल नैसर्गिक निवड तत्काळ घेते. काळी कातडी उष्ण प्रदेशात टिकून राहिली, याचे हे एक सबळ कारण मानले जाते.

ही झाली खात्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला अतिनील किरण शरीराला हवेही असतात. त्यांतील लघु लांबीचे किरण कातडीत शिरले, म्हणजे तेथे ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते. ते नसेल तर अन्नातील चुना शरीराला नीट शोषता येत नाही, मुलांची हाडे मऊ राहून वाकतात आणि मुडदूस होतो. मुलींच्या बाबतीत त्याचा परिणाम एका पिढीवर थांबत नाही. कमरेची हाडे आक्रसून वाकडी झाली, की पुढे बाळंतपण अडते आणि आई व मूल दोघेही दगावू शकतात. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या ब्रिटिश शहरांनी एकोणिसाव्या शतकात हे दुःख मोठ्या प्रमाणावर भोगले. या आजाराचे उन्हाशी असलेले नाते थिओबाल्ड पाम या डॉक्टराने निरनिराळ्या देशांतील माहिती पडताळून १८९० साली मांडले होते.

ताळेबंद असा मांडता येतो. ऊन तीव्र असेल, तर ड जीवनसत्त्व भरपूर बनते आणि फोलेट राखण्यासाठी छत्र दाट हवे. ऊन मंद असेल, तर फोलेटचे भय कमी आणि ड जीवनसत्त्वाची चणचण अधिक. तेव्हा छत्र विरळ झालेले बरे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की ४२ अंश उत्तर अक्षांशावरील बॉस्टन येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्यप्रकाशाने कातडीत ड जीवनसत्त्व मुळीच तयार होत नाही. ५२ अंशांवरील एडमंटनमध्ये हा दुष्काळ ऑक्टोबर ते मार्च असा लांबतो. तिरप्या किरणांना वातावरणाचा जाड थर भेदून यावे लागते आणि उपयोगी किरण वाटेतच शोषले जातात, हे त्याचे कारण.

नकाशा आणि त्यातील अपवाद

नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधक दांपत्याने २००० साली या दोन्ही बाजू एकत्र आणल्या. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांची उपग्रहाने घेतलेली मोजमापे त्यांनी जगभरच्या स्थानिक लोकसमूहांच्या कातडीच्या मोजमापांशी ताडून पाहिली. दोहोंचा मेळ विलक्षण जुळला. जेथे अतिनील किरण अधिक, तेथे कातडी अधिक काळी. तापमान वा पाऊस यांपेक्षा या किरणांचे नाते अधिक घट्ट निघाले.

सिद्धान्ताची खरी पारख अपवादांनी होते. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांचा रंग त्यांच्या अक्षांशाच्या मानाने सावळा आहे. परंतु त्यांचा परंपरागत आहार म्हणजे मासे आणि सागरी प्राण्यांची चरबी. दोन्हींत ड जीवनसत्त्व मुबलक. उन्हाने न दिलेले त्यांना समुद्राने दिले, म्हणून कातडी फिकी होण्याची निकड उरली नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातील मूळ रहिवासी आफ्रिकेतील लोकांइतके काळे नाहीत. कारण उत्क्रांतीच्या मानाने ते तेथे अलीकडेच, काही हजार वर्षांपूर्वी पोहोचले आणि जाताना वस्त्र व निवारा यांची कला सोबत घेऊन गेले.

युरोपीय गोरेपणही समजले जाते तितके पुरातन नाही. सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये राहणाऱ्या एका शिकारी माणसाच्या हाडांतील जनुके २०१४ साली वाचली गेली. त्याची कातडी सावळी आणि डोळे निळे असावेत, असे त्यांवरून दिसले. इंग्लंडच्या चेडर येथील सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याविषयी २०१८ मध्ये निघालेला निष्कर्षही असाच होता. फिक्या रंगाची काही प्रमुख जनुके पुढे शेती करणाऱ्या लोकांबरोबर युरोपात पसरली. शिकार व मासळी मागे पडून धान्यावर भिस्त आली, तेव्हा ड जीवनसत्त्वाची टंचाई वाढून फिक्या कातडीचे पारडे जड झाले असावे, असा तर्क केला जातो. पूर्व आशियातील लोकांचा गोरेपणा तर बऱ्याच अंशी निराळ्या जनुकीय बदलांतून आलेला आहे. एकाच अडचणीवर निसर्गाने दोन ठिकाणी दोन तोडगे काढले. उलट बाजूने पाहावयाचे, तर आफ्रिका, दक्षिण भारत आणि मेलानेशिया येथील लोक रंगाने जवळचे भासतात. त्यांचे रक्ताचे नाते मात्र फार दूरचे आहे. रंगावरून सोयरीक ठरविणारे वंशशास्त्र येथेच निकालात निघते. रिचर्ड लिवाँटिन यांनी १९७२ साली केलेल्या गणनेनुसार मानवातील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच सापडतो.

भारताची स्थिती

भारताचा नकाशा अधिक गुंतागुंतीचा आहे. येथे रंग केवळ उन्हाने ठरलेला नाही. स्थलांतरे आणि जातीअंतर्गत विवाहाची रूढी यांचाही त्यावर हात फिरलेला आहे. पट्टेरी झेब्रा माशाच्या एका फिक्या वाणाचा अभ्यास करताना २००५ साली शास्त्रज्ञांना एका जनुकाचा सुगावा लागला. माणसातही तेच जनुक आहे आणि युरोपीय व आफ्रिकी लोकांच्या रंगातील फरकाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग त्याने उलगडतो. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ सालच्या अभ्यासात दिसले, की या जनुकाचे फिकी कातडी देणारे रूप भारतात विस्तृत प्रमाणात आढळते, आणि युरोपीय व भारतीय लोकांत ते एकाच मूळ बदलातून आलेले आहे. काही समूहांत ते जवळजवळ सर्वांत, तर काहींत अगदी थोड्यांत सापडते.

पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील संशोधनाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. फिका रंग देणारी आणि काळा रंग देणारी अशी दोन्ही प्रकारची कित्येक जनुकीय रूपे आफ्रिकेतच, लाखो वर्षांपासून नांदत आहेत. रंग एका जनुकाच्या नव्हे, तर अनेक जनुकांच्या मेळातून ठरतो. म्हणूनच एका आईबापांच्या पोटी एक मूल गोरे व दुसरे सावळे निपजते. त्यावरून शेजारीपाजारी जी कुजबुज चालते, तिला अज्ञानाखेरीज कसलाही आधार नाही.

संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. वर्षातून दोनदा येथे सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा प्रदेशात सावळा वर्ण हा शरीराच्या शहाणपणाचा भाग होय. त्याच प्रदेशातील वर्तमानपत्रांच्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गहुवर्णी’ अशी प्रतवारी पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. ज्या दैवताच्या काळ्या रूपाचे वारकरी डोळे भरून दर्शन घेतात, त्याच रंगाची सून घरात आणताना मन मागे सरते, आणि सावळ्या मुलीच्या बापाला हुंड्याच्या बोलणीत वाकावे लागते. या विसंगतीचा जाच मुलीला बालपणापासून सोसावा लागतो.

खोट्या भावाची खरी किंमत

अर्थशास्त्रात वस्तूचे मूल्य आणि तिचा बाजारभाव यांत भेद केला जातो. गोऱ्या रंगाला या देशात जो भाव आला, त्याच्या मागे जैविक मूल्य काही नाही. उलट, येथील उन्हात सावळी कातडीच अधिक संरक्षण देते. हा भाव प्रतिष्ठेच्या कल्पनेतून निघाला. उन्हात राबावे लागत नाही तो वरचा, अशी ती कल्पना. परकी राजवटीने तिला बळकटी दिली आणि बाजाराने तिचे भांडवल केले. १९७५ साली गोरेपणाचे आश्वासन देणारे एक मलम भारतात विक्रीस आले आणि घरोघर पोहोचले. टीकेचा जोर वाढल्यावर २०२० साली त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला. डबीवरचे नाव बदलले. मागणी निर्माण करणारी मनोवृत्ती सहज बदलत नाही. पारा किंवा तीव्र स्टेरॉइड मिसळलेली मलमे डॉक्टरला न विचारता चेहऱ्याला चोळल्याने मूत्रपिंडाला अपाय होणे, कातडी पातळ होणे, असे विकार उद्भवतात. निसर्गाने फुकट दिलेले छत्र पदरमोड करून फाडण्याचा हा व्यवहार होय.

दुसरी किंमत याहून सूक्ष्म आहे. लख्ख उन्हाच्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. सावळ्या कातडीला तेवढेच जीवनसत्त्व बनविण्यास गोऱ्या कातडीहून अधिक वेळ ऊन लागते. तो वेळ शेतावर, अंगणात, नदीकाठी सहज मिळे. आता कारकून सकाळी कार्यालयात शिरतो तो सांजावल्यावर बाहेर पडतो. विद्यार्थी शाळेतून शिकवणीला जातो. आणि मुली ‘रंग उतरेल’ या धाकाने ऊन टाळतात. स्थलांतर न करताही त्यांची कातडी जणू परदेशी जाऊन पडली आहे.

यावर उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. ब्रिटनने आपल्या लोकांचे मुडदुसापासून रक्षण व्हावे म्हणून १९४० पासून मार्गारिनमध्ये ड जीवनसत्त्व मिसळणे बंधनकारक केले होते. पुढे उपखंडातून आलेल्या कुटुंबांच्या चपातीच्या पिठात ते मिसळून मुडदूस टाळता येतो, हेही १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. तरीही १९८१ च्या मोहिमेचा भर त्या कुटुंबांनी आपल्या सवयी बदलाव्यात यावरच राहिला, अशी टीका तेव्हाही झाली. एकासाठी अन्नात सुधारणा आणि दुसऱ्यासाठी उपदेश, हा भेद भारताने तरी आपल्या लोकांशी करू नये. दूध व खाद्यतेल यांत अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके येथे २०१८ साली ठरली आहेत. असे दूध व तेल गरिबाच्या घरापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे शासनाचे काम आहे.

दुसरा उपाय शाळांच्या हाती आहे. साधारणतः ज्या वेळी माणसाची सावली त्याच्या उंचीहून आखूड असते, त्या वेळचे ऊन ड जीवनसत्त्वास उपयुक्त असते. मधल्या सुटीचा थोडा वेळ, कडक उन्हाळा सोडून, मुलामुलींनी मोकळ्या मैदानात घालवावा, यासाठी अनुदानाची गरज पडत नाही. आणि शास्त्राच्या तासाला मेलॅनिनचा धडा शिकविताना शिक्षकांनी त्याचा अर्थही सांगावा. वर्गातील सावळ्या मुलीला त्या दिवशी कळेल, की तिच्या अंगावरचा रंग ही लाखो वर्षांच्या उन्हातून पूर्वजांनी मिळविलेली आणि तिच्या हाती सुखरूप पोहोचविलेली ठेव आहे. तिचा भाव ठरविण्याचा अधिकार बाजाराला नाही, आणि मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनाही नाही.